लोळलेल्या पिकाखालची ओल मोजताना

कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रयोगाची आखणी शिकवतात. पण वाऱ्याने उभं पीक आडवं केलं तर काय करायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

माझा गहू दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. संध्याकाळी पाणी दिलं आणि रात्री वारा सुटला. भिजून मऊ झालेल्या जमिनीत मुळांची पकड सुटली, सकाळी अर्धे वाफे लोळलेले. मला वाटलं, वर्ष गेलं. मार्गदर्शकांनी मात्र लगेच खुंट्या ठोकायला लावल्या: लोळलेलं वेगळं, उभं वेगळं, नमुने दोन्हीकडून.

आठवड्याने भर दुपारी लोळलेला थर हाताने उचलून पाहिला. खालची पानं पिवळी, दमट. माती बोटाला चिकटत होती. दोन पावलांवर उभ्या गव्हाखाली तीच माती भुसभुशीत झालेली.

कारण समजून घ्या. उभ्या पिकाच्या खडबडीत माथ्यावरून जाताना वारा घुसळला जातो आणि बाष्प वर नेतो. पेनमन-माँटीथ समीकरणात, म्हणजे हवामानावरून पिकातून किती पाणी उडतं ते काढायच्या सूत्रात, हा खडबडीतपणा पिकाच्या उंचीवरूनच काढतात, साधारण उंचीच्या आठव्या हिश्शाइतका. मीटरभर गहू गुडघ्याखाली आला की तो आकडाही निम्म्याखाली येतो. शिवाय बरीचशी पानं सावलीत जातात, मोडलेल्या काडीतून पाणी नीट चढत नाही, आणि पडलेला थर जमिनीवर आच्छादनासारखा बसतो. म्हणून एफएओ-५६ या पिकांच्या पाण्याच्या गरजेवरच्या पुस्तिकेतला ऐन वाढीतल्या गव्हाचा १.१५ हा पीक गुणांक (संदर्भ गवताच्या किती पट पाणी पीक उडवतं तो आकडा) लोळलेल्या वाफ्याला तसाच लावू नका. त्या हिशोबाने पाण्याची पुढची पाळी दिलीत तर वाफसा येणारच नाही आणि उरलंसुरलं पीकही पडेल.

एवढं शिकून मी सोलापूर भागात रब्बी ज्वारी पाहायला गेले आणि तिथेच मोठी चूक केली. आडव्या ज्वारीखाली ओल उभ्या ज्वारीपेक्षा कमी निघाली. मी वहीत लिहिलं, ‘ओळींमधली जमीन उघडी पडली, बाष्पीभवन वाढलं.’ शेतकरी काकांनी एक ताट बुडाशी चिरून दाखवलं. आतला गाभा नाहीसा झालेला, नुसते धागे उरलेले, त्यांवर काळे बारीक ठिपके. “ताई, हा खडखड्या रोग. ओल तुटली, मग हा लागला, मग वाऱ्याने पाडली.”

म्हणजे कोरडी जमीन हे पडण्याचं कारण होतं, मी ते परिणाम म्हणून लिहिलं होतं. गव्हात याच्या उलट, जमीन आधीच ओली होती म्हणून पीक पडलं. दोन्हीकडे पडल्यानंतरची ओल एकदाच मोजून पाणी किती उडालं ते कळत नाही. पहिल्याच दिवशी नमुना घ्या, नंतर ठरावीक दिवसांनी घेत राहा आणि मधला फरक वापरा. ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) प्रत्येक थराची माती वेगळ्या डबीत घ्या, झाकण लगेच लावा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे डोक्यात पक्कं असू द्या. बुडाशी काडी वाकली, मोडली की मुळासकट कलली, तेही नोंदवा.

आणि टेप कायम जवळ ठेवा. ओंबी बाहेर येण्याआधी लोळलेला गहू कांड्यांपाशी वाकून काही दिवसांत पुन्हा वर येऊ लागतो. सोमवारी मोजलेली उंची शुक्रवारच्या गणिताला चालत नाही.