कमी किमतीच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर रडतखडत चालणाऱ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला आहे. सल्ला योग्यच आहे, मात्र तो देणाऱ्याचा अनुभव बहुधा चांगल्या यंत्रावरचा असतो. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये काटकसर नेमकी कुठे केलेली असते, हे आधी समजून घ्यावे लागते. त्यातले स्टोरेज अनेकदा बोर्डवरच सोल्डर केलेले ईएमएमसी (स्वस्त, संथ फ्लॅश मेमरी) असते, रॅम २ किंवा ४ जीबी असते आणि वाढवता येत नाही, वाय-फायची चिप मिळेल ती सर्वांत स्वस्त असते आणि बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) पर्याय मोजकेच असतात. ‘लिनक्स चालत नाही’ अशा ज्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ याच चार गोष्टींत होते आणि त्यातले बरेचसे प्रणाली बसवण्यापूर्वीच कळू शकले असते.

लाइव्ह सेशन न वापरता थेट ‘इन्स्टॉल’ दाबणे

बहुतेक डिस्ट्रो (लिनक्सचे उबुंटू, फेडोरा यांसारखे प्रकार) पेनड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला धक्का न लावता चालवून पाहता येतात; यालाच लाइव्ह सेशन म्हणतात. लोक ही पायरी गाळतात किंवा दोन मिनिटे डेस्कटॉप न्याहाळून पुढे जातात. त्याऐवजी अर्धा तास काढून वाय-फायला जोडून पाहावे, स्पीकर आणि हेडफोन दोन्हींतून आवाज येतो का ते ऐकावे, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवून पाहावे, प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कळा दाबाव्यात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे, कारण झोपेतून न उठणारा लॅपटॉप नंतर रोज छळतो. ॲटम प्रोसेसरच्या स्वस्त यंत्रांत आवाजाची अडचण विशेष चिवट असते. लाइव्ह सेशन पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे ते संथ वाटणारच. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये, हार्डवेअर ओळखले जाते की नाही एवढेच तपासावे.

पेनड्राइव्ह तयार करतानाही एक चूक हमखास होते. डिस्ट्रोची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल इतर फाइलींसारखी नुसती कॉपी केली, तर त्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही. ती रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या साधनाने लिहावी लागते. त्याआधी डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आणि अचूक असल्याचा पडताळा देणारा आकडा) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे मध्येच बंद पडणारे इन्स्टॉलेशन दिसायला अगदी हार्डवेअरच्या बिघाडासारखे दिसते.

रिकव्हरी की हाताशी नसताना सिक्युअर बूट बंद करणे

विंडोज शेजारी ठेवून लिनक्स बसवणाऱ्यांसाठी ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) मालकाच्या नकळत सुरू झालेले असते. त्याची किल्ली टीपीएम ही सुरक्षेची चिप सांभाळते, आणि बूटची परिस्थिती पूर्वीसारखीच आहे याची खात्री पटल्याशिवाय ती किल्ली देत नाही. तुम्ही बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद केले की परिस्थिती बदलते आणि पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कुठे जपून ठेवलेली नसेल, तर आतल्या फाइली परत मिळत नाहीत. म्हणून आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शनची स्थिती पाहावी, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, शक्य असल्यास एन्क्रिप्शन बंद करून ती प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी आणि मगच बायोसकडे वळावे. मुळात उबुंटू, फेडोरा आणि डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे ते बंद करण्याची गरज अनेकदा नसतेच.

त्याच बैठकीत विंडोजमधले फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपी जाते, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) लिहिता येत नाही.

बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून यंत्र ३२-बिट समजणे

एका नातेवाइकाच्या छोट्या लॅपटॉपवर मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्या. पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर व्यवस्थित सुरू होत होता, पण या लॅपटॉपच्या बूट मेनूत त्याचे नावही येत नव्हते. मी पेनड्राइव्ह तीनदा पुन्हा लिहिला, दुसरा आणला, यूएसबी पोर्ट बदलला. खरे कारण असे होते की इंटेल ॲटमच्या बे ट्रेल पिढीच्या अनेक स्वस्त यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट असला तरी यूईएफआय फर्मवेअर (बायोसचा आधुनिक प्रकार) ३२-बिट असते, आणि ते फक्त ‘बूटआयए३२’ नावाची बूट-फाइल शोधते. ती फाइल नसलेला पेनड्राइव्ह त्याच्या दृष्टीने रिकामाच असतो. अशा वेळी ३२-बिट प्रणाली शोधत बसू नये. डेबियनने २०१५ मधील आठव्या आणि फेडोराने २०१७ मधील सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अशा मिश्र यंत्रांची सोय केली आहे.

याच पिढीची काही यंत्रे लिनक्सवर अधूनमधून पूर्ण गोठतात, इतकी की माउसही हलत नाही. प्रोसेसर खोल विश्रांतीत जाताना हे होते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट पर्यायांत ‘इंटेल आयडल’ची कमाल सी-स्टेट (विश्रांतीची पातळी) १ ठेवल्यास बहुधा थांबते, मात्र बॅटरी थोडी लवकर उतरते.

चुकीची डिस्क निवडणे

ईएमएमसी असलेल्या लॅपटॉपवर आतल्या स्टोरेजचे नाव ‘एसडीए’ नसून ‘एमएमसीबीएलके’ने सुरू होते, आणि ‘एसडीए’ हे नाव बहुधा पेनड्राइव्हला किंवा बाहेर जोडलेल्या हार्ड डिस्कला मिळते. डेस्कटॉप संगणकासाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा वापरणारा नेमका इथे फसतो. इन्स्टॉल करताना बाकी सर्व ड्राइव्ह काढून ठेवावेत आणि नावावर विसंबण्याऐवजी आकार पाहावा. ३२ जीबीचे ईएमएमसी सुमारे २९ जीबी दिसते. त्याच्याच नावाला ‘बूट०’ आणि ‘बूट१’ जोडलेले अवघ्या काही एमबीचे दोन भाग दिसले, तर त्यांना अजिबात हात लावू नये.

वाय-फायसाठी मिळेल तो ड्रायव्हर बसवणे

वाय-फाय चालत नाही म्हटल्यावर कोणीतरी स्वतः तयार केलेला ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) उतरवून बसवणे हा रूढ उपाय आहे, पण अशा ड्रायव्हरची देखभाल थांबली की पुढच्या कर्नल अपडेटनंतर वाय-फाय पुन्हा गायब होते. आधी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) सुरू करावे आणि त्या इंटरनेटवर प्रणाली पूर्ण अद्ययावत करावी. बऱ्याचदा कर्नल जुना असणे एवढाच दोष असतो. उदाहरणार्थ, स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणाऱ्या रिअलटेक आरटीएल८८२१सीई चिपचा ड्रायव्हर २०२० मधील ५.९ या कर्नलपासून आतच आहे. डेबियनमध्ये वाय-फाय चिपसारख्या भागांचे फर्मवेअर वेगळे शोधावे लागते हा सल्लाही जुना झाला. २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरसोबतच येते.

जागा आणि रॅम यांचा हिशेब न करणे

हलका डेस्कटॉप निवडला की काम झाले, असे अनेकांना वाटते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारख्या हलक्या डेस्कटॉपमुळे फरक पडतो, पण ४ जीबी रॅम खातो तो ब्राउझर, आणि वीस टॅब उघडल्यावर कोणताही डेस्कटॉप वाचवू शकत नाही. झेडरॅम सुरू करणे अधिक उपयोगी ठरते. त्यात रॅममधली सध्या न लागणारी माहिती रॅममध्येच दाबून (कमी जागेत) साठवली जाते, त्यामुळे संथ ईएमएमसीवर वारंवार लिहावे लागत नाही. फेडोरात २०२० पासून ते आपोआप चालू असते, इतर काही डिस्ट्रोंत एक पॅकेज बसवावे लागते. जागेच्या बाबतीत फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे ॲप बसवण्याचे प्रकार जपून वापरावेत, कारण एका छोट्या ॲपसोबत शेकडो एमबीचा पसारा येऊ शकतो. जुने कर्नल आणि वाढत जाणारे लॉग (प्रणालीच्या नोंदींच्या फाइली) महिन्यातून एकदा साफ करावेत. डिस्क काठोकाठ भरली की लॉग-इनचा पडदा पासवर्ड स्वीकारून पुन्हा तिथेच येतो, आणि वापरणारा बिचारा पासवर्ड बदलत बसतो.

क्रोमबुक

क्रोमबुकवर (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर) लिनक्स बसवण्यासाठी डेव्हलपर मोड सुरू करतानाच आतला सर्व डेटा पुसला जातो, हे आधी लक्षात घ्यावे. मूळ फर्मवेअर तसेच ठेवले, तर दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येतो. जुन्या मॉडेलांवर त्या पडद्याच्या सूचनेप्रमाणे कोणी स्पेस आणि मग एंटर दाबले, तर प्रणाली गूगलचीच आहे ना याची तपासणी पुन्हा लागू होते, यंत्र आतली लिनक्स प्रणाली नाकारते आणि रिकव्हरी ड्राइव्ह मागते. ती रिकव्हरी केली की सगळे पुसले जाते. लिनक्स बसवणाऱ्याला हे ठाऊक असते, घरातल्या इतरांना नसते. माझ्याकडच्या क्रोमबुकच्या पडद्याखाली ‘सुरू होताना स्पेस दाबू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि ती पहिल्यांदा सगळे पुसले गेल्यानंतरची आहे.