हाताचा की मोटरचा? समुद्रातल्या गळासाठी डाउनरिगर कसा निवडावा

सांगलीत कृष्णेच्या काठाला गळ टाकून बसणाऱ्याला डाउनरिगर लागत नाही. आयर्विन पुलाच्या आसपास तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, शिशाची गोळी बांधली की काम झालं. तोच माणूस आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातो, होडी ठरवून सुरमईच्या मागे निघतो, तेव्हा अडतो. होडी चालती असते, तंगूस मागे ताणला जातो आणि आमिष वरच्या वर पळत राहतं. मासा मात्र पुष्कळदा खालच्या थरात असतो.

डाउनरिगर म्हणजे गवंड्याचा ओळंबा आणि विहिरीवरचा रहाट यांची जोडी. चाकावर बारीक तार, तिच्या टोकाला ४ ते ५ किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात तंगूस अडकवायचा आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की हिसक्यासरशी तंगूस चिमट्यातून सुटतो. गोळा तेवढा तारेवर लटकत राहतो आणि तो लगेच वर घ्यावा लागतो. नाहीतर पळणारा मासा तंगूस तारेभोवती गुंडाळून ठेवतो. हा गोळा हाताने ओढायचा की मोटरने, एवढाच प्रश्न.

आधी होडी बघा, मग यंत्र

बहुतेक जण उलट करतात. मीही तेच केलं होतं. एका मित्राचं मोटरचं यंत्र डिकीत टाकून बंदरावर पोचलो, तर ठरवलेल्या होडीत बॅटरीच नव्हती. छोट्या फायबर होडीचं मशीन, म्हणजे इंजिन, दोरी ओढून सुरू होतं, तिला बॅटरीची गरजच नसते. तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, फोनवर फक्त एवढं विचारायला हवं होतं, "दादा, होडीत १२ व्होल्टची बॅटरी आहे का?"

दर वेळी वेगळी होडी भाड्याने घेत असाल तर हाताचंच यंत्र घ्या. ते पकडीने होडीच्या काठावर बसतं. पकडीखाली लाकडाची फळी द्या, म्हणजे फायबर चिरडत नाही. यंत्राला एक जाड दोरी बांधून ती होडीच्या कड्याला अडकवा. पकड निसटली तरी यंत्र समुद्रात जात नाही.

मग तुमचा दंड

हाताच्या यंत्रात दांड्याच्या एका फेऱ्याला साधारण १ फूट तार गोळा होते. मोठ्या चाकात २ फूटही होते. म्हणजे ३० फुटांवर मासेमारी असेल तर ३० फेरे, आणि ते सहज जमतं. १०० फुटांवर असाल तर १०० फेरे, तेही हलत्या होडीत, ५ किलो ओढत, दिवसातून पंधरा-वीस वेळा.

दुकानात दांडा फिरवून यातलं काही कळत नाही. त्यापेक्षा मळ्यातल्या विहिरीवर जा. ५ किलोची पिशवी दोराला बांधून रहाटावरून ५० फूट खाली सोडा आणि ओढा, ओळीने दहा वेळा. आठव्या खेपेला खांदा काय म्हणतो ते ऐका. रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ, कमी खोलीवर फिरणाऱ्याला हाताचं यंत्र पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे. नेहमी ८०-१०० फुटांवर जाणार असाल, दोन यंत्रं लावणार असाल किंवा खांदा दुखरा असेल, तर मात्र मोटर घ्या. पैसे जास्त जातील, पण ते वाया जाणार नाहीत.

मोटर घेणार असाल तर वायर जपा

लोक बॅटरी उतरेल म्हणून घाबरतात. हिशोब करून बघा. वर ओढताना मोटर २० अँपिअर घेते आणि १०० फुटांना अर्धा मिनिट लागतं असं धरलं, तर एका खेपेला ०.१७ अँपिअर-तास जातात. चाळीस खेपांना सातच्या आसपास. चांगल्या बॅटरीला हे काहीच नाही.

घात होतो तो बारीक वायरने. लांब केबलवर व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर कशी गुरगुरते आणि तापते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. इथं तर सगळे मिळून १२ व्होल्ट. त्यातला दीड व्होल्ट वायरीत गेला तरी गोळा रेंगाळतो. म्हणून वायर जाड आणि आखूड ठेवा, बॅटरीजवळच फ्यूज बसवा. होडीचं मशीन सेल्फवर, म्हणजे बॅटरीवर, सुरू होत असेल तर यंत्राला वेगळी बॅटरी द्या, म्हणजे परतीची काळजी राहत नाही. मोटर बंद पडली तर हाताने फिरवायची सोय आहे का, हे घेतानाच विचारा. नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

गोळा खडकात किंवा कुणाच्या जाळ्यात अडकला तर मोटरचं बटण दाबून धरू नका. चाकाचा ब्रेक सैल सोडा, होडी मागे घ्या. दोन्ही प्रकारांत ब्रेक इतकाच आवळा की अडकल्यावर तार सुटत जाईल. तार हाताला कधीही गुंडाळू नका, आणि तार कापायची पक्कड हाताशी ठेवा.

आकड्यावर विसंबू नका

यंत्रावरचा आकडा सोडलेली तार दाखवतो, खोली नाही. होडीच्या वेगाने तार मागे कलते. उभ्या रेषेपासून ४५ अंश कलली तर ६० फूट तारेवर गोळा फक्त ४२ फुटांवर असतो. वेग कमी करा किंवा गोळा जड घ्या. स्टीलच्या तारेऐवजी वेणीची दोरी घातली तर ती गंजतही नाही.

जाण्याआधी दिवस बघा. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. मालवणला जाणार असाल तर तिथल्या सागरी अभयारण्याची हद्द तांडेलांकडून समजून घ्या, ते १९८७ पासून संरक्षित आहे.

आणि धुणं. "सांगलीला पोचून धुऊ" म्हटलं की घाट चढेपर्यंत मीठ आत मुरतं. बंदरावरच बाटलीभर गोडं पाणी चाकावर, दांड्यावर, पकडीवर ओता. मोटरचं यंत्र असेल तर प्लगच्या पिना पुसून त्यांना ग्रीस लावा. घरी आल्यावर सगळी तार उलगडून पुन्हा धुवा, वाळवून गुंडाळा आणि ब्रेक पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेल्या ब्रेकच्या चकत्या पुढच्या खेपेपर्यंत एकमेकींना चिकटून बसतात.