भूकंपतरंगांचे गणन जलद हवे असल्यास आधी जाळीचे अंतर तपासा
भूकंपतरंगांच्या प्रसाराचे सांत-अंतर पद्धतीने (जमीन बिंदूंच्या जाळीत विभागून प्रत्येक बिंदूवरची हालचाल टप्प्याटप्प्याने काढणारी पद्धत) गणन करताना वेळ वाया जातो तो बहुधा जाळीतील बिंदूंचे अंतर अंदाजाने ठरवल्यामुळे, कारण त्रिमितीय प्रतिमानात हे अंतर निम्मे केले की बिंदू ८ पट आणि कालपायऱ्या (गणनातील वेळेचे छोटे टप्पे) २ पट होऊन एकूण काम १६ पट वाढते.

अंतर ठरवण्यासाठी प्रतिमानातील किमान एस-तरंगवेगाला (एस म्हणजे प्रसाराच्या दिशेला काटकोनात हलवणारे, संथ तरंग) कमाल वारंवारतेने भागून सर्वांत लहान तरंगलांबी काढावी. वेग सेकंदाला ५०० मीटर आणि वारंवारता ५ हर्ट्झ असल्यास ती १०० मीटर येते. द्वितीय कोटीच्या (कमी अचूक) पद्धतीला एका तरंगलांबीत साधारण १० बिंदू लागतात, तर चतुर्थ कोटीच्या (अधिक अचूक) विस्थापित जाळीला, म्हणजे वेग आणि ताण अर्ध्या अंतराने सरकवलेल्या बिंदूंवर काढणाऱ्या जाळीला, ५ ते ६ पुरतात. म्हणजे १० मीटरऐवजी जवळपास २० मीटर अंतर चालते. रिकर तरंगिका (स्रोत म्हणून दिला जाणारा छोटा प्रमाणित स्पंद) वापरताना कमाल वारंवारता शिखर-वारंवारतेच्या (जिथे स्पंदाचा जोर सर्वाधिक असतो तिच्या) सुमारे अडीचपट धरावी. माझ्या मते चूक सर्वाधिक इथेच होते.

कालपायरी मात्र सर्वांत मोठ्या पी-तरंगवेगावर (पी म्हणजे सर्वांत वेगवान, दाबाचे तरंग) ठरते. चतुर्थ कोटीच्या त्रिमितीय विस्थापित जाळीत ती अंतर भागिले वेग या भागाकाराच्या ०.४९ पटीपेक्षा मोठी ठेवू नये, अन्यथा गणन अस्थिर होते.

मऊ थर केवळ पृष्ठभागाजवळ असेल, तर खोलवर विरळ जाळी वापरल्याने मोठी बचत होते. मुख्य तरंगामागे लांबत जाणारी कृत्रिम शेपटी दिसल्यास मात्र जाळी प्रमाणाबाहेर विरळ झाली आहे, असे समजावे.