मोडलेली वाट शोधायला निघताना

आधी चष्मा. जवळचा, वाचायचा. पन्नाशीला टेकलेल्या माणसासाठी यादीतलं पहिलं नाव हेच. का, ते पुढं येईल. तूर्त उठा, तो कुठं आहे बघा आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात टाका. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आमचे तिथंच राहिले होते, दोघांचेही.

आम्ही दोघं मित्र संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातून खाली खानदेशात उतरणारी एक जुनी वाट शोधत होतो. अजिंठ्याच्या या रांगेवर अशा वाटा पुष्कळ होत्या. वर निजामाचं राज्य, खाली इंग्रजांचं खानदेश, पण बाजार दोन्हीकडं चालायचा. लमाणांचे लादलेले बैल, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, लग्नाची वऱ्हाडं याच वाटांनी चढायची-उतरायची. पुढं घाटातून मोटारी धावू लागल्या, एसटी गावात आली आणि एकेक वाट मोडली. मोडलेली वाट झुडपाखाली बरीच वर्षं टिकून असते. तिला शोधायची तयारी मात्र किल्ल्यावर जाण्यासारखी नाही. किल्ला निदान दिसतो तरी.

पहिलं काम परवानगीचं. याच रांगेतलं गौताळा औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे. आत वनखात्याला विचारल्याशिवाय, आणि ते म्हणतील तो वाटाड्या घेतल्याशिवाय शिरायचं नाही. 'आम्ही फक्त चालणार आहोत' हे उत्तर चालत नाही. कोयता घरी ठेवा. अभयारण्यात एक फांदीही तोडायची नसते, आणि मोडकी वाट शोधणाऱ्याचा हात नेमका तिथंच शिवशिवतो.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्याआधी गवत छातीएवढं असतं, पायाखाली वाट आहे की खड्डा ते कळत नाही आणि कुसळं मोज्यातून आत जाऊन आठवडाभर टोचत राहतात. त्यानंतर वणव्याचे दिवस, आणि ओढ्यांत पाण्याचा थेंब नाही. आणखी एक. थंडीत वनखातं जाळरेषा काढतं. गवत कापून, जाळून केलेला तो स्वच्छ पट्टा लांबून अगदी रस्त्यासारखा दिसतो. तो सरळ डोंगराच्या अंगावर चढतो. लादलेला बैल तसा कधी चढत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे मिळतात. जुनी प्रत मिळाली तर उत्तम, कारण नव्या नकाशात गाळलेल्या तुटक रेघा तिच्यात सापडतात. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन कंटूर रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला, उंचीचा फरक वीस मीटर. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, मध्येच फाकल्या की तिथून उतरायला जागा असण्याची शक्यता. उपग्रहाची चित्रंही बघा, पण मार्च-एप्रिलची बघा. साग तेव्हा उघडाबोडका असतो आणि जमिनीवरची रेघ दिसते. ऑगस्टच्या चित्रात नुसतं हिरवं दिसेल. नकाशा छापून प्लास्टिकच्या पाकिटात घाला, वर खुणा पेन्सिलीनं करा, शाई घामानं फुटते. आणि हा नकाशा वाचायला काय लागतं? चष्मा लागतो.

आता सांगतो. जानेवारीतली गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास फोन बंद पडला. पॉवर बँक होती, केबल दुसऱ्याच पिनेची निघाली. हरकत नाही म्हटलं, कागद आहे. पाकीट काढलं, हात लांब केला, आणखी लांब केला, मित्राच्या हातात दिलं, त्यानंही हात लांब केला. समोरच्या डोंगरावर चरणारी गाय दिसत होती, तिचं शिंग मोडलेलं होतं तेही दिसत होतं. हातातल्या नकाशावर मात्र नुसती तपकिरी मेंदी. पुढ्यात टेपाड, टेपाडाच्या दोन्ही अंगांनी वाट. नकाशात ती डावीकडून होती की उजवीकडून? दोघांचं मिळून वय शंभराच्या वर आणि दोघांपैकी एकालाही अक्षर लागेना. उजवीकडची रुंद होती म्हणून उजवीकडं गेलो. तासाभरानं आटलेल्या पाणवठ्यावर पोचलो, तिथून कड्याच्या टोकावर, आणि तिथून अंधारात परत. तांड्यावर रात्री नऊ वाजता एका म्हाताऱ्यानं चहा दिला आणि म्हणाला, "पाव्हणं, समदं रान फिरला अन् वाट तेवढी सोडली. ती डावीकून हाय." बाजूला बसलेली पोरं हसली. हसणारच.

(मूठ वळून बोटांच्या बारीक फटीतून बघितलं तर चष्म्याशिवायही अक्षर बऱ्यापैकी दिसतं, हे घरी आल्यावर भाच्यानं सांगितलं. त्याचं वय सोळा.)

म्हणून चष्मा एक नाही, दोन. एक गळ्यात दोरीला, एक सॅकमध्ये. सोबत्याचाही तपासा. त्याच्या शब्दावर जाऊ नका, काढून दाखवायला सांगा.

गावात विचारपूस आदल्या दिवशी करावी, आणि प्रश्न नीट विचारावा. 'ही वाट खाली जाते का?' असं विचारलं की समोरचा 'जाते की' म्हणतो. पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं! त्यापेक्षा 'आजा बाजाराला कुठून उतरायचा?' असं विचारा. 'पोरीला सासरी घालवताना कुठून जायचात?' असं विचारा. मग खिंडीचं नाव येतं, ओढ्याचं येतं, आंब्याचं झाड येतं. मोटारसायकलवरच्या पोरांना विचारून उपयोग नाही. मोळीला, मोहाला जाणाऱ्या बाया आणि गुराखी यांना सगळं ठाऊक असतं. अंतर कुणालाही विचारू नका. 'ह्ये काय, बिडी सरंस्तोवर' म्हणजे दीड तास. नावं जागच्या जागी वहीत लिहा, नाहीतर रात्रीपर्यंत तीन खिंडींची एकच खिंड होते. लिहायलाही चष्मा लागतो, हे वेगळं सांगत नाही. सांगितलंच की.

वाट ओळखायची कशी हे निघण्याआधी डोक्यात हवं, कारण रानात गेल्यावर प्रत्येक मोकळी जागा वाटच वाटते. ढोरवाट फाटत जाते, परत मिळते, परत फाटते, आणि शेवटी पाण्याशी नाहीतर गवताशी संपते. तिला कुठं पोचायचं नसतं. माणसाची वाट खिंडीकडं तोंड करून असते. चढण बेतानं घेते, वळणावर खालच्या अंगाला दगड रचलेले सापडतात, निदान ढासळलेले. दगडांच्या कडा पायांनी गुळगुळीत झालेल्या असतात. खिंडीत शेंदराचा दगड, वाटेत एखादं खोदलेलं टाकं. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत मोकळं आणि वर फांद्या आडव्या, तर बहुतेक ढोरांची. बहुतेकच, कारण तीस वर्षं कुणी गेलं नसेल तर घाणेरीचं झुडूप माणसाच्या वाटेलाही छत घालतं. याच रांगेतल्या अंतूर किल्ल्याच्या परिसरात अहमदनगरच्या निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब आहे, कुठली वाट कुठल्या गावाला जाते ते त्यावर फारसीत कोरलंय. त्याला बॅटरी लागत नाही. फारसी मात्र यायला हवी.

होकायंत्र घ्या, पण काळ्या दगडावर ठेवून वाचू नका. बेसाल्टमध्ये चुंबकी खनिज असतं, सुई भलतीकडं बघू शकते. हातात धरून वाचा. त्यावरचे आकडे किती बारीक असतात हे सांगायला नकोच.

खुणांसाठी जुन्या लाल धडप्याच्या चिंध्या, वीस, मोजून. प्रत्येक फाट्यावर एक, परतताना सोडून घ्यायची. रंगाचा डबा घेऊन दगडांवर बाण काढणाऱ्यांबद्दल इथं लिहीत नाही. फाट्यावर उभं राहून मागं वळून बघा, जमलं तर फोटो काढा. येताना वाट उलटी असते आणि ओळख देत नाही.

पाणी माणशी चार लिटर. नकाशात विहीर आहे म्हणून कमी घेऊ नका. नकाशातली विहीर नकाशातच असते. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, घाणेरी ओरबाडते. खाजकुइलीच्या शेंगा ओळखायला शिका, तपकिरी मखमली दिसतात, एकदा हात लागला की दिवस गेला. कड्याजवळ आग्या मोहोळ असतं. अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरड नाही. बिबट्या आहे, अस्वल आहे. अस्वलाची भीती जास्त, ते दचकलं की अंगावर येतं. म्हणून दाट झुडपात बोलत चालायचं. दोघांपेक्षा तिघं बरे, तिसरा चाळिशीच्या आतला असावा. कारण कळलं असेल.

बूट, टॉर्च, भाकरी, औषधं, हे सगळ्यांना माहीत आहे. केबल मात्र घरीच लावून बघा, चार्ज होतंय का.

परत फिरायची वेळ घरूनच ठरवा, दुपारी दोन. दोनला कुठंही असा, फिरा. गावात कुणाला तरी सांगून जा, आल्यावर त्यालाच सांगा. आम्ही पहिलं केलं, दुसरं विसरलो, तो बिचारा दहापर्यंत जागा. फोनवर नोंदलेला चालीचा ट्रॅक साठवा, नावं उतरवून काढा, चिंध्या मोजा. आमच्या एकोणीस आल्या, एक अजून त्या टेपाडाच्या उजव्या अंगाला आहे.

या शनिवारी पहाटे साडेचारला निघतोय, डावीकडून. केबल तपासली, परवानगी झाली, भाचा येतोय. चष्म्याची दोरी तेवढी आणायची राहिलीय, दुकान आठला बंद होतं.