कॅल्शियम-फॉस्फरसचा रिपोर्ट कसा वाचायचा

कॅल्शियम जरा कमी आलं की मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करायच्या, हे आपल्याकडे फार चालतं आणि ते थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात अगदी थोडं, पण ते थोडं शरीर इतकं सांभाळून ठेवतं की हाडं ठिसूळ झाली तरी रिपोर्टमधे आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून एकटं कॅल्शियम बघून काहीच ठरवायचं नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन), शक्यतो एकाच दिवशीच्या रक्ताचे, कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्या.

आधी अल्ब्युमिन बघा. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी तर टोटल कॅल्शियम उगाच कमी दिसतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, येईल ते कॅल्शियममधे मिळवा. कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर उत्तर ९ येतं, म्हणजे बहुतेक लॅबच्या ८.५ ते १०.५ मधे व्यवस्थित बसलं. हा अंदाजच आहे, शंका असेल तर डॉक्टर आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम करायला सांगतात.

आता पीटीएच. गळ्यात थायरॉइडच्या मागे बहुतेकांना चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यांना रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं लगेच कळतं आणि त्या पीटीएच सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम सुटतं, किडनी कॅल्शियम धरून ठेवते पण फॉस्फेट (रिपोर्टमधला फॉस्फरस तो हाच) लघवीवाटे सोडून देते, आणि किडनीच व्हिटॅमिन डी चं चालू रूप बनवते ज्याने आतडी जेवणातलं कॅल्शियम जास्त ओढतात. फॉस्फेट जास्त झालं तर हाडांतूनच एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन निघतं, तेही किडनीला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं आणि चालू व्हिटॅमिन डी कमी करतं.

म्हणजे कॅल्शियम वर तर पीटीएच खाली जायलाच पाहिजे. कॅल्शियम ११.२ आणि पीटीएच ५५, समोर लॅबने नॉर्मल छापलंय, तरी ते नॉर्मल नाही!! एवढ्या कॅल्शियमला ग्रंथी गप्प बसायला हव्या होत्या, त्या बसल्या नाहीत, आणि फॉस्फरसही कमी असेल तर पॅराथायरॉइडच्या गाठीचा संशय घ्यावा लागतो. हे बऱ्याचदा नजरेतून सुटतं कारण ठळक अक्षरात फक्त रेंजबाहेरचे आकडे येतात.

कॅल्शियम कमी किंवा काठावर, फॉस्फरस कमी, पीटीएच जास्त, तर व्हिटॅमिन डी ची कमतरता बघा. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, पीटीएचही जास्त असेल तर क्रिएटिनिनकडे जा, किडनी फॉस्फेट बाहेर टाकू शकत नसेल. तसंच पण पीटीएच कमी, आणि थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल, तर ग्रंथींना धक्का लागलेला असू शकतो. मॅग्नेशियम फार कमी असलं तरी पीटीएच नीट सुटत नाही, तेही तपासायला सांगा.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्या, फॉस्फरस जेवणाने आणि वेळेप्रमाणे बदलतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळलेला राहिला तर कॅल्शियम खोटं वाढतं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर आधी सांगा, काही मशीनवर पीटीएच त्यामुळे खोटा कमी येतो.

आणि व्हिटॅमिन डी३ ची साठ हजार युनिटची पुडी. ती साधारण आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते, पण बरं वाटतं म्हणून लोक महिनोन्‌महिने चालू ठेवतात, काही जण तर रोज घेतात, आणि मग कॅल्शियम इतकं वाढतं की किडनीला इजा होते. कोर्स संपला की थांबा आणि पुढचं डॉक्टरांना विचारा. किडनीचा आजार असेल तर कॅल्शियमची गोळीसुद्धा मनाने नको.

ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, झटका, किंवा उलट खूप तहान, बद्धकोष्ठ, उलट्या आणि गुंगी, यातलं काही असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, झटका किंवा गुंगी असेल तर सरळ इमर्जन्सीत.