देशोदेशीच्या ऑनलाइन आरतीत या चुका टाळा

परदेशातली मंडळी आणि गावाकडचं घर एकाच कॉलवर आणायला आता जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही गणपतीतली ऑनलाइन आरती असो की मंडळाचं काव्यवाचन, निम्मा वेळ "आवाज येतोय का?" यातच जातो. खापर नेटवर फुटतं. खरी गडबड बहुतेकदा तयारीत असते.

सगळ्यांनी एकदम आरती म्हणणं

हे जमत नाही, आणि कितीही महागडं नेट घेतलं तरी जमणार नाही. पुणे ते न्यूयॉर्क हे अंतर 12 हजार किलोमीटरच्या वर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासातच 60 मिलिसेकंद गेले. वायफाय, सर्व्हर, अ‍ॅप यांची भर वेगळीच. गप्पा मारताना 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर जाणवत नाही. टाळ्या-झांजांचा ताल मात्र 30च्या आसपासच सुटायला लागतो.

म्हणून एकाच घराने माइक चालू ठेवावा. बाकीच्यांनी म्यूट राहून आपापल्या घरी मोठ्यांदा म्हणावं. मग प्रत्येकाला ताल जुळल्यासारखाच वाटतो. गणपतीची आरती सांगलीहून, देवीची लंडनहून, असं वाटून घेतलं की कुणालाच नुसतं ऐकत बसल्यासारखं वाटत नाही.

पेटीचा लांब सूर सुरू होतो आणि क्षणात विरून जातो? पेटी बिघडलेली नाही. सलग चालणारा आवाज अ‍ॅपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, गूगल मीटमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' बंद करा. हे गाणाऱ्या घरीच करायचं आणि आदल्या दिवशी करून बघायचं.

एका खोलीत दोन फोन

आजीचा मोबाइल आणि नातवाचा लॅपटॉप शेजारीशेजारी जोडले की आवाज घुमतो. एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर चालू ठेवा. घुमतंय कुठून ते कळत नसेल तर एक खूण: सगळे तक्रार करत असताना ज्याला काहीच घुमताना ऐकू येत नाही, आवाज बहुधा त्याच्याच घरून परततोय.

"रविवारी रात्री साडेनऊला" एवढंच कळवणं

कुठल्या रात्री साडेनऊला? हिवाळ्यात भारतात रात्रीचे 9:30 म्हणजे लंडनला दुपारचे 4 आणि न्यूयॉर्कला सकाळचे 11. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत न्यूयॉर्ककर नेहमीच्या 11 वाजता येऊन तासभर ताटकळतात. निमंत्रणात शहरवार वेळ, वार आणि तारीख लिहा. भारतातली रविवारची सकाळ अमेरिकेत शनिवारची रात्र असते. आणि कॅलिफोर्निया, लंडन, पुणे, सिडनी या चारही ठिकाणी सोयीची वेळ शोधत बसू नका, ती नाहीच. दोन वेळा ठेवा, नाहीतर दर महिन्याला वेळ बदला. नेहमी एकाच देशाने झोपमोड करायची हे बरोबर नाही.

मोफत वेळेची मर्यादा विसरणं

झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत बंद पडते, गूगल मीटवरची तिघांची किंवा त्याहून मोठी बैठक 60 मिनिटांत. मध्यंतर त्याआधी घ्या आणि दुसरी लिंक आधीच पाठवून ठेवा.

गावाकडच्या नेटवर व्हिडिओचा हट्ट

झूमवर नुसत्या आवाजाला सेकंदाला 60 ते 80 किलोबिट पुरतात. समूहातल्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतात. चेहरा दोन मिनिटं दिसू दे, मग कॅमेरा बंद. आवाज सलग येईल. निमंत्रणाखाली नेटशिवाय साध्या फोनने जोडण्यासाठी नंबर दिलेला असेल, तर तो लावण्याआधी देशाचा कोड पाहा. +1 असेल तर भारतातून तो आयएसडी कॉल होतो आणि बिल आजोबांच्या नावावर येतं. घरच्या वडीलधाऱ्यांना हे फोन करून आधीच सांगा, निमंत्रणातली बारीक अक्षरं ते वाचतीलच असं नाही.