स्टेजवर बेस गिटारचा आवाज घुमतो, पण सूर ऐकू येत नाही?

अशा वेळी हात आपसूक अँपवरच्या बेसच्या (खालच्या सुरांच्या) नॉबकडे जातो. तो वाढवू नका, गोंधळ आणखी वाढतो. त्याऐवजी हे करा:

१. अँप कोपऱ्यातून बाहेर ओढा आणि भिंतीपासून शक्य तितका लांब ठेवा. बरीचशी घुमघुम इथेच कमी होते.

२. छोटा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) असेल तर तो भक्कम स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे स्पीकरचं तोंड पोटऱ्यांकडे न राहता कानाकडे येईल. अनेकजण ‘ऐकूच येत नाही’ म्हणून आवाज वाढवत राहतात, आणि समोरच्या प्रेक्षकांना मात्र बेसच बेस ऐकू येतो.

३. आता बेसचा नॉब मधल्या खुणेच्या थोडा खाली आणि मिड (मधल्या सुरांचा नॉब) थोडा वर. जाड ई तारेचा मूळ सूर जेमतेम ४१ हर्ट्झचा. गर्दीत तो कानाला ओळखू येतो तो वरच्या स्वरांशांमुळे (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उंच सुरांमुळे), आणि ते मिडमध्ये असतात. घरी एकट्याने वाजवताना हा टोन जरा कोरडा वाटेल, वाटू द्या. ड्रम आणि गिटार सुरू असतानाच तो ठरवा.

सावधान: जड अँप प्लास्टिकच्या खुर्चीवर अजिबात ठेवू नका. बेसच्या कंपनांनी तो हळूहळू सरकत जातो.